जुन्या मोटारीला रॅक अँड पिनियन स्टिअरिंग बसवताना: मोजमापापासून घाटातल्या चाचणीपर्यंत

जुन्या मोटारीचे स्टिअरिंग बदलण्याचा विषय निघाला की बहुतेक चर्चा कोणत्या गाडीचा रॅक (पिनियन या छोट्या दातेरी चक्राने डावी-उजवीकडे सरकणारा दातेरी दांडा) आणावा यावरच अडकून राहते. वास्तविक रॅक मिळवणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. बेळगाव, कोल्हापूर किंवा हुबळीच्या सुट्या भागांच्या बाजारात तो सहज मिळतो. खरी कसोटी लागते ती त्या रॅकची जागा ठरवताना. रॅक दहा मिलिमीटर वर किंवा खाली बसला, तर खड्ड्यात चाक उचलल्याबरोबर मोटार आपोआप एका बाजूला ओढू लागते आणि चालकाने स्टिअरिंग कितीही घट्ट धरले तरी ते थांबत नाही. म्हणून या लेखात वेल्डिंगपेक्षा मोजमापाला अधिक जागा दिली आहे. उदाहरणासाठी मुख्यतः प्रीमियर पद्मिनी डोळ्यांसमोर ठेवली आहे, कारण आपल्या सीमाभागात जपून ठेवलेल्या जुन्या मोटारींमध्ये ती नेहमी दिसते. तथापि पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र असलेल्या इतर जुन्या मोटारींनाही हीच पद्धत लागू पडते.

बदल खरोखर हवा आहे का

काही जुन्या मोटारींना हा बदल करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हिंदुस्थान अ‍ॅम्बॅसेडर आणि मद्रासला तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड या दोन्ही गाड्यांना मुळातच रॅक अँड पिनियन स्टिअरिंग होते. त्यांचे स्टिअरिंग जड किंवा ढिले वाटत असेल, तर आहे तोच रॅक दुरुस्त करून घ्यावा. दुसऱ्या टोकाला जुनी जीप आहे. तिच्या पुढे अखंड अ‍ॅक्सल असतो आणि तो पाट्यांवर चॅसिसच्या तुलनेत सतत वर-खाली होत राहतो. चॅसिसला पक्का केलेला रॅक आणि हलणारा अ‍ॅक्सल यांचा मेळ बसत नाही, म्हणून जीपला हा बदल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पद्मिनी या दोहोंच्या मधली आहे. तिचा स्टिअरिंग बॉक्स वर्म (मळसूत्री दांडा) आणि रोलर जातीचा असतो. त्यातून ड्रॉप आर्म निघतो, पलीकडच्या बाजूला आयडलर आर्म असतो, दोहोंना जोडणारा मधला रॉड असतो आणि त्यापुढे दोन्ही चाकांकडे टाय रॉड जातात. एवढ्या साखळीतल्या प्रत्येक सांध्यात थोडा थोडा प्ले (ढिलेपणा) आला, तरी तो सगळा साठून चालकाच्या हातात पोचतो. म्हणून रॅकचा विचार करण्यापूर्वी ही साखळी तपासून घ्यावी. एकाने चालकाच्या जागेवर बसून स्टिअरिंग दोन बोटे डावीकडे, दोन बोटे उजवीकडे असे हलवत राहावे आणि दुसऱ्याने गाडीखाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावे. सांध्याचे दोन्ही भाग एकदम न हलता मागे-पुढे हलले, तर बोटाला ते लगेच कळते. आयडलर आर्मचे बुश, टाय रॉड एंड आणि किंगपिन (ज्याभोवती चाक वळते ती खीळ) यांतला दोष काढल्यावर आणि बॉक्सवरच्या समायोजन स्क्रूने रोलरचा प्ले कमी केल्यावर निम्म्या गाड्यांचे समाधान होते, असे मी पाहत आलो आहे. किंगपिन झिजलेले ठेवून रॅक बसवला, तर तक्रार जशीच्या तशी राहते आणि खर्च मात्र वाया जातो.

बदल करणे योग्य ठरते ते तीन परिस्थितींत: बॉक्सचा वर्म खड्डे पडून गेलेला आहे आणि चांगला बॉक्स मिळत नाही, गाडी नियमित वापरात आहे आणि तिला रेडिअल टायर घातले आहेत, किंवा मूळचा एकसंध, सरळ कॉलम (स्टिअरिंगचा दांडा) काढून अपघातात मोडून बाजूला होईल असा कॉलम बसवायचा आहे. या तिसऱ्या कारणाला मी फार महत्त्व देतो. जुन्या गाडीतला लांब, ताठ कॉलम समोरून धडक बसल्यास थेट चालकाच्या छातीकडे सरकतो.

कागदपत्रे आधी, पाना नंतर

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ लावताना कठोर भूमिका घेतली. स्टिअरिंगचा प्रकार नोंदणी प्रमाणपत्रावर छापलेला नसतो, हे खरे. तरीही हा सुरक्षिततेशी थेट संबंध असलेला भाग असल्याने काम सुरू करण्यापूर्वी आपल्या नोंदणी कार्यालयाकडे लेखी अर्ज देऊन उत्तर घ्यावे. बेळगावची नोंदणी केए २२ ची, चिकोडीची केए २३ ची आणि गोकाकची केए ४९ ची. ज्या कार्यालयात गाडी नोंदलेली आहे तिथेच अर्ज करावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जाते. त्या वेळी निरीक्षक गाडीखाली पाहतो, आणि पूर्वपरवानगीचा कागद हाती असला तर बोलणे सोपे जाते.

सीमाभागात आणखी एक गोष्ट वारंवार आडवी येते. कोल्हापूरला नोंदलेली एमएच ०९ ची गाडी निपाणी किंवा बेळगावात घरी उभी असते. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर कलम ४७ नुसार तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. आधी ते काम उरकावे आणि मगच बदलाचा अर्ज करावा, नाहीतर दोन्ही फायली एकमेकींत अडकतात.

पन्नास वर्षांहून जुनी गाडी असेल तर जरा थांबून विचार करावा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते आणि चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. रॅकसाठी चॅसिसला वेल्डिंग करून कंस (ब्रॅकेट) बसवले की हा दर्जा धोक्यात येऊ शकतो. अशा गाडीला मूळ छिद्रांवर बोल्टने बसणारे आणि पुन्हा काढता येणारे कंसच करावेत आणि काढलेला बॉक्स सर्व भागांसह तेल लावून जपून ठेवावा. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा.

गाडी समतल करून मापे घेणे

मापे घेण्यासाठी जमीन समतल लागते. गॅरेजची फरशी समतल असेल असे गृहीत धरू नये. गवंडी वापरतात तशी पाण्याची लेव्हल नळी घेऊन चारही चाकांखालच्या जागा तपासाव्यात आणि कमी असेल तिथे पत्र्याचे तुकडे घालावेत. टायरमध्ये नेहमीची हवा, टाकीत अर्धे पेट्रोल आणि चालकाच्या जागेवर माणसाच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवावीत. या अवस्थेत फेंडरच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना लिहून घ्यावे. पुढचे सगळे काम याच उंचीला धरून चालते. थकलेले स्प्रिंग बदलायचे असतील तर ते याआधीच बदलावेत, कारण नंतर उंची बदलली की रॅकची जागाही चुकते.

त्यानंतर ओळंबा घ्यावा. वरच्या आणि खालच्या विशबोनचे (चाकाला धरणारे सस्पेन्शनचे हात) आतले पिव्होट, त्यांचे बाहेरचे सांधे, स्टिअरिंग आर्मवरच्या (चाकाला वळवणारा हात) टाय रॉड एंडचा मध्यबिंदू आणि चाकाचा मध्य हे सर्व बिंदू ओळंब्याने फरशीवर उतरवून खडूने खूण करावी आणि प्रत्येकाची उंची शेजारी लिहावी. फरशीवरची ही खडूची आकृती म्हणजेच तुमचा नकाशा. तिचा फोटो काढून कागदावरही उतरवून घ्यावी, कारण गॅरेजमध्ये दुसऱ्या दिवशी कोणीतरी फरशी धुतेच.

याच वेळी एक साधी पण निर्णायक गोष्ट पाहावी: स्टिअरिंग आर्म अ‍ॅक्सलच्या मध्यरेषेपुढे आहे की मागे. आर्म पुढे असेल, तर उजवीकडे वळण्यासाठी रॅक उजवीकडे सरकला पाहिजे. आर्म मागे असेल, तर डावीकडे. बाजारात रॅक हाती घेतल्यावर पिनियन चालकाच्या बाजूने पाहून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावा आणि रॅक कोणीकडे जातो ते तिथेच तपासावे. उलट जाणारा रॅक बसवला, तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे जाईल. पिनियन रॅकच्या मागे आहे की पुढे, यावर ही दिशा ठरते.

रॅकची निवड: प्रवास, वेग आणि वजन

रॅक निवडताना तीन आकडे लागतात. पहिला म्हणजे रॅकचा एकूण प्रवास. समजा स्टिअरिंग आर्मची लांबी १३० मिमी आहे आणि चाक प्रत्येक बाजूला ३२ अंश वळायला हवे. तर रॅकला एका बाजूला सुमारे ६९ मिमी, म्हणजे एकूण सुमारे १३८ मिमी सरकावे लागेल. दुसरा आकडा म्हणजे पिनियनच्या एका फेऱ्यात रॅक किती सरकतो. तो ४० मिमी असला, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेतीनच्या आसपास फेरे होतील आणि स्टिअरिंगचे गुणोत्तर (चाक एक अंश वळायला स्टिअरिंग किती अंश फिरवावे लागते ते) साधारण २० ला १ येईल. हाच रॅक ११० मिमीच्या आर्मला जोडला, तर गुणोत्तर सुमारे १७ ला १ होते. स्टिअरिंग चपळ होते आणि त्याच प्रमाणात जडही. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीला मी २० च्या जवळपास राहणे पसंत करतो. बेळगावच्या खडे बाजारात किंवा शहापूरच्या गल्लीत गाडी उभ्या उभ्या वळवताना याचे मोल कळते.

तिसरा आकडा म्हणजे ज्या गाडीतून रॅक काढला तिचे वजन. मारुती ८०० चा रॅक स्वस्त आहे, आकाराने लहान आहे आणि सर्वत्र मिळतो. पण ती गाडी साडेसहाशे किलोच्या आसपासची आणि पद्मिनी साधारण ९०० किलोची, शिवाय पद्मिनीची चाके चौदा इंची. म्हणून थोड्या जड गाडीचा रॅक घ्यावा. अ‍ॅम्बॅसेडरचा रॅक मजबूत आहे आणि त्याचे भागही अजून मिळतात, मात्र त्याच्या लांबीकडे लक्ष द्यावे लागते. जुना रॅक घेणार असाल तर बूट (रबरी आवरण) मागे सरकवून आतल्या सांध्यांजवळ गंज आहे का ते पाहावे, मधल्या भागात दात चमकत आहेत का ते पाहावे, आणि पिनियन सावकाश फिरवताना मध्यावर सैल व टोकांना घट्ट लागतो का ते हाताने अनुभवावे. मध्यावर सैल आणि टोकांना घट्ट, म्हणजे रॅक मध्यात झिजला आहे. तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. यापेक्षा नवा रॅक परवडतो.

इलेक्ट्रिक पॉवर असलेला कॉलम सोबत आणण्याचा मोह अनेकांना होतो. त्याला वेगाचा संकेत, स्थिर व्होल्टेज आणि चांगला अल्टरनेटर लागतो. साधा रॅक समाधानकारक चालू लागल्यावरच त्याचा वेगळा विचार करावा.

नकली रॅक आणि चाकाची वर-खाली चाचणी

आता या कामाचा गाभा. चाक वर-खाली होताना टाय रॉडचे बाहेरचे टोक एका वर्तुळकंसात फिरते आणि सस्पेन्शनही त्या टोकाला स्वतःच्या वर्तुळकंसात फिरवू पाहते. हे दोन वर्तुळकंस जुळले तर चाक सरळ राहते. जुळले नाहीत तर चाक वळते. ते जुळण्यासाठी दोन अटी आहेत. वरच्या आणि खालच्या विशबोनच्या आतल्या पिव्होटांना जोडणाऱ्या रेषेवर टाय रॉडचा आतला सांधा आला पाहिजे. आणि दोन्ही विशबोनच्या रेषा आत वाढवल्यावर त्या जिथे मिळतात, त्याच बिंदूकडे टाय रॉडची रेषाही गेली पाहिजे. फरशीवरची आकृती आणि उंचीचे आकडे हाती असले की मोठ्या कागदावर प्रमाणात चित्र काढून आतल्या सांध्याची जागा बरीच अचूक काढता येते.

चित्रावरून काढलेली जागा ही सुरुवात आहे. ती खात्रीची करण्यासाठी खरा रॅक लटकवण्याऐवजी नकली रॅक करावा. रॅकच्या आतल्या दोन सांध्यांमध्ये जेवढे अंतर आहे तेवढ्या लांबीची जीआय पाइप घ्यावी, दोन्ही टोकांना आटे पाडलेली भोके करून त्यांत टाय रॉडचे सांधे बसवावेत आणि ही पाइप दोन कोनपट्ट्यांवर अशी धरावी की ती वर-खाली आणि पुढे-मागे सरकवून घट्ट करता येईल. खऱ्या रॅकचे वजन, पिनियनचा कोन आणि बूट यांची अडचण नसल्याने मापांकडे पूर्ण लक्ष देता येते. सम्प (इंजिनखालचे तेलाचे भांडे), एक्झॉस्ट आणि क्रँक पुली यांच्यापासून किती अंतर राहते हेही याच वेळी दिसते. इंजिन रबरवर हलते, म्हणून रॅक आणि सम्प यांत किमान १५ ते २० मिमी मोकळे ठेवावे. सम्प आडवा येतो म्हणून रॅक खाली सरकवणे हा या कामात हमखास होणारा आणि सर्वांत महागात पडणारा तोडगा आहे. त्यापेक्षा सम्प कापून बदललेला बरा, अर्थात आतल्या ऑइल पिकअपची जागा सांभाळून.

चाचणीसाठी गाडी भक्कम घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवून पुढची चाके काढावीत. कॉइल स्प्रिंग कॉम्प्रेसर लावूनच काढावेत. दाबलेला स्प्रिंग सुटला तर माणूस जायबंदी होतो, म्हणून हे काम माहीतगार मेस्त्रीकडूनच करून घ्यावे. स्प्रिंग निघाल्यावर खालच्या विशबोनखाली जॅक लावून हब हलक्या हाताने वर-खाली करता येतो. चाकाच्या जागी हबला एक सरळ जाड प्लायवूडची किंवा अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी बोल्टने घट्ट करावी. हबच्या मध्यापासून पुढे आणि मागे ३०० मिमीवर एकेक डायल गेज (काट्याचे सूक्ष्म मापक) स्टँडवर उभा करून त्याची टोके पट्टीला टेकवावीत. आता नेहमीच्या उंचीपासून ५० मिमी खाली आणि ५० मिमी वर, दर १० मिमीला दोन्ही गेजचे आकडे लिहावेत. हब वर जाताना आत-बाहेर सरकतो आणि तो सरकणे दोन्ही गेजवर सारखेच दिसते; आपल्याला हवा तो दोन आकड्यांमधला फरक. संपूर्ण १०० मिमीच्या हालचालीत हा फरक एक मिमीच्या आत यावा, असे मी धरतो. रस्त्यावर चालवायच्या गाडीला एवढी अचूकता पुरते.

फरक जास्त असला तर त्याचे वळण पाहावे, कारण दोष कुठे आहे ते आकडेच सांगतात. चाक वर जाताना टो (चाकाचा पुढचा भाग आत झुकला तर टो-इन, बाहेर झुकला तर टो-आउट) एका बाजूला आणि खाली जाताना त्याच्या उलट बाजूला बदलत असेल, तर आतल्या सांध्याची उंची चुकली आहे. स्टिअरिंग आर्म मागे असलेल्या गाडीत चाक वर गेल्यावर टो-इन वाढत असेल, तर आतला सांधा फार वर आहे आणि नकली रॅक खाली घ्यायला हवा. आर्म पुढे असेल तर तोच दोष टो-आउटच्या रूपाने दिसतो. चाक वर नेले काय किंवा खाली नेले काय, टो एकाच बाजूला बदलत असेल, तर दोष टाय रॉडच्या लांबीत आहे. मागच्या आर्मच्या गाडीत दोन्हीकडे टो-आउट होत असेल तर टाय रॉड आखूड पडतात, म्हणजे रॅकचे आतले सांधे एकमेकांपासून फार लांब आहेत. दोन्हीकडे टो-इन होत असेल तर उलट. उंचीचा दोष कंस सरकवून जातो, पण लांबीचा दोष असेल तर रॅकच बदलावा लागतो किंवा मध्ये जोडपट्टी घ्यावी लागते. नेमके म्हणूनच ही चाचणी खरा रॅक विकत घेण्याआधी, निदान परत देण्याच्या बोलीवर घेतलेला असताना करावी. दोन्ही बाजूंना ती स्वतंत्रपणे करावी. जुन्या गाडीची डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी असतेच असे नाही.

वळणावर आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळले पाहिजे, हे अ‍ॅकरमनचे तत्त्व. त्यावर रॅकच्या पुढे-मागे जागेचा परिणाम होतो: रॅक मागे सरकवला की हा फरक वाढतो, पुढे सरकवला की कमी होतो. बाहेरचे चाक १८ अंशांवर असताना आतले २० च्या आसपास आले तर पुरे. पूर्ण वळणावर मात्र एक गोष्ट डोळ्यांनी तपासावी. टाय रॉड आणि स्टिअरिंग आर्म जवळपास एका रेषेत येत असतील, तर चाक तिथे अडकून परत फिरणार नाही. असे दिसले तर प्रवास कमी करावा किंवा रॅकची जागा बदलावी. या मुद्द्यावर तडजोड करू नये.

कंस आणि बसवणी

नकली रॅकची जागा पक्की झाली की कंसाचे पुठ्ठ्याचे नमुने करून उद्यमबागेतल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून ५ किंवा ६ मिमीची पट्टी कापून घ्यावी. बेळगावात फाउंड्री, लेथ आणि मशिनिंगची कामे जवळजवळ एकाच परिसरात होतात, याचा फायदा घ्यावा. कंस साध्या एल आकाराचे ठेवू नयेत. बाजूला गसेट (त्रिकोणी आधारपट्टी) घालून ते पेटीसारखे बंद करावेत. पद्मिनीला वेगळी चॅसिस नसते, बॉडीच भार घेते. म्हणून पातळ पत्र्याला थेट कंस न जोडता सस्पेन्शन ज्या क्रॉसमेंबरवर बसते त्यालाच रॅक बांधावा आणि आतून भार पसरवणारी पट्टी द्यावी. दोन्ही टोकांचे कंस आडव्या पट्टीने एकमेकांना जोडले, तर वळणावर पत्रा वाकत नाही.

रॅकच्या क्लॅम्पखाली मूळ रबर बुश ठेवावेत. बोल्ट ८.८ प्रतीचे आणि नट नायलॉक (सहज सैल न होणारे). १० मिमीच्या बोल्टला साधारण ४५ न्यूटन-मीटरचा ताण पुरे. टॉर्क पाना नसेल तर तो भाड्याने आणावा, अंदाजाने घट्ट करू नये.

कॉलमची जोडणी

कॉलम आणि पिनियन सरळ रेषेत येणे अशक्य असते, म्हणून मध्ये दोन युनिव्हर्सल जॉइंटचा जोडशाफ्ट लागतो. आपले मेस्त्री त्यांना क्रॉस म्हणतात. ज्या गाडीचा रॅक घेतला तिचाच जोडशाफ्ट घेतला तर खाचा जुळतात. प्रत्येक जॉइंटचा कोन ३० अंशांच्या आत ठेवावा आणि दोन्ही कोन शक्यतो सारखे असावेत. मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच प्रतलात असायला हवेत. ते नव्वद अंशांनी फिरलेले असले तर स्टिअरिंग प्रत्येक फेऱ्यात दोनदा हलके आणि दोनदा जड लागते, आणि हा दोष रॅकचा समजून लोक रॅक उघडत बसतात. तीन जॉइंट लागलेच तर मधल्या शाफ्टला बेअरिंगचा आधार द्यावा, नाहीतर तो मधे लटकून फिरतो.

स्टिअरिंगचा शाफ्ट दोन तुकडे करून मधे साधे वेल्डिंग करणे मला मान्य नाही. लांबी जुळवायची असेल तर लेथवर खाचांची बाही करून घ्यावी किंवा सरकता शाफ्ट वापरावा. सरकत्या शाफ्टमुळे अपघातात कॉलम आत घुसत नाही, हा दुहेरी लाभ. एक्झॉस्ट जवळून जात असेल तर जॉइंट आणि रॅकचे बूट यांच्यापासून किमान ५० मिमी अंतर ठेवावे, किंवा मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा.

टाय रॉड आणि शेवटचे सांधे

नव्या रॅकचे टाय रॉड एंड जुन्या स्टिअरिंग आर्मच्या निमुळत्या भोकात बसतील असे सहसा होत नाही. पिन थोडी सैल बसते म्हणून पत्र्याची बाही घालून घट्ट करणे घातक आहे. भोकाला प्रशियन ब्लू लावून पिन बसवावी, फिरवून काढावी आणि रंग कुठे लागला ते पाहावे. वरच्या किंवा खालच्या कडेलाच रंग लागला तर निमुळतेपणा जुळत नाही. किमान तीन चतुर्थांश पृष्ठभागावर रंग सारखा पसरला पाहिजे. जुळत नसेल तर योग्य टेपर रीमरने भोक जुळवून घ्यावे, किंवा ज्याचा टेपर जुळतो असा एंड शोधावा. आर्मला गॅस लावून वाकवणे, भोक भरून पुन्हा पाडणे असले उद्योग करू नयेत.

लांबी कमी पडली तर जोडनळी ईएन ८ किंवा त्याहून चांगल्या पोलादाच्या गजातून लेथवर करून घ्यावी. टाय रॉड वेल्ड करून वाढवू नये. आटे आत किती गेले आहेत ते मोजावे. १४ मिमीच्या रॉडला निदान २१ मिमी आटे गुंतलेले असावेत. प्रत्येक वेळी स्प्लिट पिन नवी वापरावी, वाकवून सरळ केलेली पिन पुन्हा घालू नये.

जोडणी झाल्यावर रॅक नेमका मध्यावर आणून, म्हणजे एकूण प्रवासाच्या निम्म्यावर ठेवून, मग स्टिअरिंगचे चाक सरळ बसवावे. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का, ब्रेकचा होज ताणला जातो का आणि रॅक टोकाला आदळण्याआधी आर्मवरचा थांबा लागतो का, हे चाके खाली लोंबकळत असताना आणि जमिनीवर असताना असे दोन्ही वेळा पाहावे.

अलाइनमेंट आणि रस्त्यावरची तपासणी

रेडिअल टायरसाठी १ ते २ मिमी टो-इनपासून सुरुवात करावी. वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून परत येत नसेल, तर रॅकला दोष देण्यापूर्वी कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) तपासावा. जुन्या गाड्यांत तो शिमने (पातळ पट्ट्यांनी) वाढवता येतो. मशीनवर अलाइनमेंट करणाऱ्याला चालकाच्या जागेवर वजन ठेवायला आवर्जून सांगावे.

पहिली फेरी मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगाने. त्यानंतर सरळ रस्त्यावर ३० ते ४० च्या वेगाने हलका ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे. एक चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरवावे आणि पुन्हा वर घ्यावे. स्टिअरिंगला झटका बसतो का, गाडी आपोआप दिशा बदलते का, हे तिथे स्पष्ट कळते. हे सगळे समाधानकारक झाल्यावरच महामार्गावर जावे. राष्ट्रीय महामार्ग ४८ वरचा वंटमुरी घाट पहिल्या चाचणीला बरा. तिथली वळणे रुंद आहेत. जांबोटीवरून चोर्ला घाटात नंतर जावे, कारण तिथे एकापाठोपाठ घट्ट वळणे, उतार आणि खड्डे असे तिन्ही एकत्र भेटतात आणि बंप स्टिअर (चाक वर-खाली होताना आपोआप वळण्याचा दोष) राहिला असेल तर तो लपत नाही. संकेश्वर, रायबाग, अथणी भागात उसाच्या हंगामात ट्रॉल्या चुकवताना एकदम वळावे लागते. तशा वापरासाठी गाडी देण्याआधी ती निदान शंभर किलोमीटर चालवून पुन्हा घोड्यांवर घ्यावी आणि कंसाचे, क्लॅम्पचे, जॉइंटचे सर्व बोल्ट तपासावेत. बोल्टच्या डोक्यावरून कंसापर्यंत रंगाची बारीक रेघ ओढून ठेवली, तर बोल्ट फिरला की नजरेनेच कळते. हीच तपासणी ५०० किलोमीटरला पुन्हा करावी.

पावसाळ्यापूर्वी रॅकच्या बुटांकडे लक्ष द्यावे. खानापूर आणि जांबोटीकडचा तांबडा चिखल फाटलेल्या बुटातून आत गेला की एका हंगामात रॅकचे दात खराब होतात, आणि बुटाची किंमत रॅकच्या मानाने काहीच नाही. कोणत्या गाडीचा, कोणत्या वर्षाचा रॅक, जोडशाफ्ट आणि टाय रॉड एंड वापरले आणि टॉर्क व टोचे आकडे काय ठेवले, हे एका कागदावर लिहून तो कागद नोंदणी कार्यालयाच्या पत्रासोबत गाडीतच ठेवावा. म्हणजे पुढे कोणत्याही गावच्या मेस्त्रीला सुटा भाग मागवताना अडचण येणार नाही.